कोरडी चेन

“थांबव! कोरडी चाललीय!”

फांदीखालून म्हातारा एवढ्या जोरात ओरडला की सम्यकचं बोट ट्रिगरवरून आपोआप सुटलं. फांदीत शिरलेली चेन थांबली.

सम्यकचं टाळकं सटकलं. दोन वर्षं तो झाडं कापत होता. नववीत शाळा सोडल्यापासून कोणी शिकवायला लागलं की त्याला आधी राग यायचा. तरी त्याने चेनसॉचं टोक भिंतीसमोर धरून रेस दिली. चालत्या चेनवरून तेलाची बारीक रेघ भिंतीवर उडायला पाहिजे. भिंत कोरीच राहिली. सकाळपासून शेजारच्या सोसायटीत फांद्या छाटून तेलाची टाकी संपली होती, आणि भरलेला कॅन त्याचा जोडीदार हेरंब कालच्या कामावर विसरून आला होता.

परळच्या त्या चाळीमागचा गुलमोहोर वारा नसताना आडवा झाला होता. बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंट ओतलेलं, मुळांनी करायचं काय? माणसाच्या कमरेएवढी फांदी मागच्या खोलीचे पत्रे फोडून कुशाबा आजोबांवर आली. खाटेची लोखंडी पट्टी मध्ये आली म्हणून ते वाचले. पण पट्टी वाकत होती. फायर ब्रिगेडला फोन गेला होता. सम्यक आणि हेरंब दोन बिल्डिंग सोडून काम करत होते, ते आधी पोचले.

पानांच्या आतून आजोबांचं फक्त तोंड दिसत होतं. भुसा जाऊन डोळे गच्च मिटलेले.

“आजोबा, श्वास घेता येतोय ना?”

सम्यक आणखी खाली वाकला.

“पाय हलतोय का तुमचा?”

काहीच नाही. चेन कोरडी म्हणायला बरा आवाज फुटला, सम्यकच्या मनात आलं.

हेरंब धावत आला. चाळीतल्या टेलरकडून शिलाई मशीनचं तेल आणलं होतं. सम्यकने टाकीत ओतलं, फांदीला चेन लावली. पांढरा भुसा उडाला. दहा सेकंदही गेले नाहीत.

“पातळ आहे! टिकत नाय, उडून जातंय सगळं!” फांदीखालून म्हातारा परत ओरडला.

सम्यकने सॉ बाजूला घेतली. चेन ज्यावर फिरते त्या लोखंडी बारला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला. कोरडी चेन तापते, सैल पडते, लाकडात अडकते. एकदा अडकली की ओढून निघत नाही, आणि खाट काय अर्धा तास थांबणार नव्हती.

“गॅरेजवाल्याने हे दिलंय,” हेरंब डबा पुढे करत म्हणाला. “गाडीचं जुनं ऑइल. घट्ट आहे एकदम. ओत लवकर.”

काळंकुट्ट तेल. सम्यकने दोन बोटांत चोळून बघितलं. कचकच लागली. बोटांवर लोखंडाची बारीक चमक दिसली.

“खडे आहेत यात. तेलाचा पंप चोकअप होईल.”

“मग काय थुंकी लावून कापणार?”

पट्टी करकरली. आजोबांचं तोंड जरा आणखी खाली गेलं. आणि त्याच तोंडातून तुटक तुटक आवाज आला, “एरंडेल घाल… घरात असेल कोणाच्या तरी. त्यात गोडंतेल मिसळ… नुसतं एरंडेल नळीतून उतरायचं नाय.”

हेरंबने कपाळावर हात मारला. “डोक्याला लागलंय त्यांच्या. पोट साफ करायचं औषध मशीनला? सम्या, ऑइल ओत, मी सांगतो.”

सम्यक दोघांच्या मध्ये उभा होता. एका हातात काळा डबा. याआधी म्हातारा दोनदा बोलला होता, आणि दोन्ही वेळा बरोबर होता. त्याने डबा दाराबाहेर भिरकावला.

“पळ! एरंडेल आण! आणि खायचं तेल!”

पाच मिनिटांत दोन्ही आलं. बाटलीत एरंडेल अर्धंच होतं. शेंगदाण्याचं तेल त्यात घालून सम्यकने बाटली हलवली, टाकी भरली, टोक भिंतीकडे धरून रेस दिली. भिंतीवर मधासारखी रेघ उमटली.

शेजारच्यांनी फांदीखाली दोन बाजूंना टॅक्सीचे जॅक लावले. सम्यक कापायला लागला. भुसा पिवळसर, ओलसर यायला लागला.

“आजोबा, आता बरोबर?”

सॉच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला,

“आजोबा!”

काही नाही. थांबून बघावं तर पट्टी जाईल. कापत राहावं तर… तो कापत राहिला. दात आवळून, एकसारखा, मध्ये न थांबता. मग खाडकन आवाज झाला, टोकाकडचा ओंडका सुटला, आणि सहा जणांनी तो उचलून बाजूला सारला.

कुशाबा आजोबांनी श्वास ओढला. मोठा, घरघरता. जिवंत होते.

सम्यक गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्यावरच भडकला. “कधीपासून विचारतोय मी! एक हं म्हणायला काय जातं? मला वाटलं गेलात!”

गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आत आली. बाजाराची पिशवी तिच्या हातात तशीच होती. ती आजोबांची बायको, गंगुबाई. तिने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मान वळवली.

“कोणावर ओरडतोस रे बाबा? यांना कुठलं ऐकू येतंय! अठ्ठावीस वर्षं मिलमध्ये साच्यांवर कापड विणत होते, त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. फटाका फुटला तरी मान वळत नाय.”

“काहीतरीच काय? चेन कोरडी आहे ते त्यांनीच सांगितलं. आवाजावरून!”

“आवाजावरून?” एरंडेलाच्या बाटलीकडे बघत गंगुबाई म्हणाली. “साच्यालासुद्धा हेच तेल घालायचे. पण कान कुठे होते? साचा कोरडा चाललाय ते हात लावून ओळखायचे.”

तिने आजोबांचा उजवा हात उताणा केला. तळव्यावर गुलमोहोराची साल खोल उमटली होती.