सुरक्षित फवारणी

फवारणीचं औषध अंगावर कसं येऊ देऊ नये, हे शेतकरी कुटुंबांना शिकवायला एका संस्थेचे साहेब शाळेच्या वर्गात आले होते. मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट असा नवाकोरा संच टेबलावर मांडून त्यांनी विचारलं, "कोण घालून दाखवतं?" हसऱ्या चेहऱ्याची म्हणून एका गरोदर सुनेला पुढे ढकलण्यात आलं. मास्कमागे ते हसू दिसेनासं झालं, ही गोष्ट निराळी. फोटो निघाले, टाळ्या पडल्या.

"गरोदर बाईनं तर या औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये," साहेब कळवळून म्हणाले.

"आमच्यात फवारायला तीच जाते. माझे गुडघे गेलेत, मुलगा शहरात कामाला," तिची सासू म्हणाली. "तेवढा संच ठेवून जा की."

"मावशी, तो दाखवायचा आहे. वापरून मळला तर पुढच्या गावात काय दाखवू?"

"मग हिच्या नाकाला काय टाळ्या बांधू?"

साहेब मनापासून हसले. गावकऱ्यांची विनोदबुद्धी त्यांना फार आवडायची. संच पुसून पिशवीत गेला.

आठवड्याभरात त्याच घरच्या बांधावर मोठा फलक लागला. त्यावर संच घातलेली सून आणि खाली 'सुरक्षित शेतकरी, सुखी कुटुंब'. फलकाचा फोटो वरच्या कार्यालयाला पाठवायचा म्हणून साहेब जातीनं आले. फलकामागच्या पिकात सून तोंडाला जुनं फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन फवारत होती.

साहेबांनी लांबूनच हात हलवला.

"ओ ताई, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."