दुसरी लंका

कोल्हारच्या गोजरबाईची आठ वर्षांची लंका तापानं गेली, तेव्हा नगरच्या एका डॉक्टरानं तिच्या कातडीचा बारीक तुकडा काढून ठेवला. त्यातून तीच पोर पुन्हा तुमच्या पोटी घालतो, म्हणाला.

"तीच असंल न्हवं?" गोजरबाईनं एवढंच विचारलं.

"हुबेहूब तीच."

नवी लंका त्याच उंबऱ्याशी पहिलं पाऊल टाकून हसली. प्रवरेच्या घाटावर त्याच पायरीवरून पडली आणि तोच गुडघा फोडून घेतला. तिनं तोंड उघडायच्या आत गोजरबाईला तिचा शब्द ठाऊक असायचा. आधी गोजरबाई हरखली. मग भ्याली. पुढं पुढं नुसती थकत गेली.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात नवी लंकाही आठ वर्षांची झाली आणि तापाचा तो दिवस पुन्हा आला. लंका फणफणली. गोजरबाई उशाशी बसून राहिली. रडायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. पण सकाळी पोरीचं अंग गार लागलं. ताप उतरला होता.

कितीतरी वर्षांनी गोजरबाईला पुढं काय होणार ते माहीत नव्हतं. तिला हायसं वाटलं.

लंका उठून भिंतीला टेकून बसली. ऊन दारात आलं, तरी ती हलली नाही. गोजरबाईनं चहाची बशी तिच्यापुढं सरकवली.

"पी की गं, बाय."

लंकानं मान वर केली. तिचे डोळे म्हाताऱ्या बाईसारखे दमलेले होते.

"आई, आता मी काय करू? हितून पुढचं मला ठावं न्हाई."