अर्ध्या किमतीतला कोट

फार ढगळ व्हायला लागला म्हणून ग्लेनिसने आपला निळा कोट चॅपलशेजारच्या जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात देऊन टाकला. आठवड्याभरात तिचा म्हातारा एमरिस तोच कोट घेऊन हसत घरात शिरला.

"अर्ध्या किमतीत आणला! दुकानातल्या मॅगीशी अशी घासाघीस केली, की बिचारी वैतागली."

ग्लेनिसला हसू आवरेना. "अरे वेड्या, कुणाचा आहे ते तरी बघायचंस!"

"कुणाचा का असेना, आता माझ्या ग्लेनिसचा."

ती या वयातही लाजली. तिने कोटासाठी हात पुढे केला, तसा त्याने तो पटकन पाठीमागे लपवला.

 

"ग्लेनिस घरी आली, की तुम्ही तिला काही बोलू नका हं, बाई."