बोळा

बोळा तोंडात पुरता जाण्याआधी तो माणूस मेजर ट्रॅस्कच्या बोटाला कडकडून चावला.

"आवळा! अजून आवळा!" मेजर रक्ताळलेलं बोट झटकत ओरडला. "एक शब्द बाहेर पडता कामा नये."

खाणावळीच्या अंगणात भर दुपारी वेकफर्ड गाव जमलं होतं. गोरे पुढे, सावलीत. काळे मागे, उन्हात. कापसाच्या शेतांतून त्यांना मुद्दाम हाकून आणलं होतं. बघायला. ऐकायला नव्हे.

कायदा सरळ होता. गुलामगिरीविरुद्ध छापलेला कागद ज्याच्याजवळ सापडेल, त्याला फास. तसलं बोलणं काळ्यांच्या कानावर पडू देईल, त्याला तुरुंग. मेजरनंच तो लिहिला होता आणि मेजरच तो चालवत होता. महिन्यापूर्वी याच अंगणात त्यानं गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडून आलेल्या, असल्याच कागदांच्या टपालाच्या थैल्या जाळल्या. राख झाडली ती क्वॉशनं.

क्वॉश हा खाणावळवाल्या पेलचा गुलाम. उतारूंचं सामान उचलायचं आणि डुकराच्या तंगड्या टिकाव्यात म्हणून धुराच्या खोलीत टांगून त्यांना धूर द्यायचा, हे त्याचं काम. आज सकाळी तोच एका कडेनं जळलेला कागद घेऊन पेलसमोर उभा राहिला होता.

"वरच्या खोलीतल्या पाहुण्याच्या थैलीत होता, मालक. मला कुठलं वाचता येतंय? पण चित्र बघून हातपाय गळाले."

चित्रात साखळदंडातला काळा माणूस होता. पेलनं पुढचं काही विचारलं नाही. पाहुणा न्याहारीला बसला होता; मागून जाऊन पेलनं त्याच्या डोक्यात पिठाचं भरलेलं पोतं घातलं; तो शुद्धीवर आला तो अंगणात, हात बांधलेला.

आता मेजरनं क्वॉशला पुढे ओढलं. "सांग सगळ्यांना. काल हा तुझ्याशी काय बोलला?"

"विचारत होता, साहेब. इथले काळे कुठून कुठून आलेत, नवं कोण आलंय."

"आणि?"

"म्हणाला, खरं सांगशील तर पैसे देतो. मी माणसं न्यायला आलोय म्हणाला. पोराबाळांसकट."

"उत्तरेला!" मेजर गर्दीकडे वळून गरजला.

"दिशा नाही सांगितली, साहेब."

गोरे हसले. बांधलेला माणूस मात्र जोरजोरात मान हलवू लागला. बोळ्याआडून त्याच्या घशातून घुसमटलेला आवाज येत होता, डोळे बाहेर आले होते.

पेलनं त्याची थैली जमिनीवर उपडी केली. लोखंडी हातकड्यांचे दोन जोड खणखणत पडले. एक मोठा, एक अगदी लहान.

"या कशाला रे बाबा?" पेल चक्रावला.

"तिकडे उत्तरेत सभा भरवतात आणि असल्या हातकड्या दाखवून बायकांना रडवतात," मेजर म्हणाला.

त्या माणसानं बांधलेल्या मुठी एकमेकींवर आपटल्या. हातकड्यांकडे पाहिलं, मग क्वॉशकडे. पुन्हा मुठी आपटल्या.

"बघा, बघा! गुलामालाही हात जोडतोय!" मेजर ओरडला.

मेजरनं चाबूक क्वॉशच्या हातात दिला आणि तो बांधलेल्याकडे वळला. "ज्यांच्यासाठी आलास ना, त्यांच्याच हातचा खा."

क्वॉशनं मारलं. असं मारलं की हसणारे गोरे गप्प झाले. सदरा फाटला, मग कातडी, मग मांस दिसू लागलं. सावलीतली एक बाई उठून आत गेली. "पुरे," पेल म्हणाला, तरी क्वॉशचा हात थांबेना. शेवटी दोघांनी त्याला धरून मागे ओढलं.

"वा रे पठ्ठ्या!" मेजरनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाद्री चाचरत पुढे आला. "मेजर, मरणाऱ्याला निदान प्रार्थना तरी..."

"मनात करू दे."

"मेजर, एक वाक्य..."

"शेजारच्या गावात एकाला फासाखाली बोलू दिलं होतं, पाद्रीबुवा. आठवड्यात अख्ख्या मळ्यातले गुलाम पळाले. बोळा निघणार नाही."

दोर ओकच्या फांदीवरून टाकला. तो ओढायलाही क्वॉशलाच लावलं. माणूस बराच वेळ तडफडला. पाय हवेत झाडत राहिला. शेवटपर्यंत त्याची नजर क्वॉशवर होती.

त्या पाहुण्याचा लांब कानांचा कुत्रा सकाळपासून धुराच्या खोलीच्या दाराशी ठाण मांडून होता. हिवाळा संपला की तिथं धूर नसतो, नुसत्या तंगड्या लटकतात. पेलनं कुत्र्याला लाथ घातली. तो हलला नाही, दार ओरबाडत राहिला.

"मांसाचा वास लागलाय, साहेब," क्वॉश म्हणाला. "सकाळी माझ्यावरही धावून आला."

"गद्दाराचं कुत्रं!" मेजरनं पिस्तूल काढलं आणि त्याच्या डोक्यात गोळी घातली.

गर्दी पांगली. स्वयंपाकीण डॉर्कस क्वॉशसमोर आली आणि त्याच्या तोंडावर थुंकली.

"डॉर्कसमावशी..."

"मावशी म्हणू नकोस मला! आपल्यासाठी कुणीतरी आलं होतं रे, मेल्या. आणि तू त्याला चाबकानं फोडलंस. कशासाठी? मालकाच्या शाबासकीसाठी?"

क्वॉशनं तोंड पुसलं. कुत्र्याचं धूड बाजूला ओढून त्यानं कमरेची किल्ली काढली, धुराच्या खोलीत शिरला आणि दार आतून लावून घेतलं.

तंगड्यांच्या मागे अंधारात काहीतरी हललं. सात वर्षांपूर्वी व्हर्जिनियाला विकलेली त्याची बायको टेनी पोरीचं तोंड दोन्ही हातांनी दाबून बसली होती.

"गेला?" तिनं विचारलं. "आम्ही पळाल्यापासून तिकडून आमचा माग काढत आला तो. पकडून नेणार होता आम्हांला. मरताना आमचं नाव नाही घेतलं त्यानं?"

"घेणार होता," क्वॉश म्हणाला. "त्यांनी बोलूच दिलं नाही."