एकाच घाटाचे टायर

शहाद्याच्या टायरच्या दुकानात भाग्येश स्पोर्ट्स कारसाठी टायर निवडत होता. एकेक टायर अंगठ्यानं दाबून विचारायचा, "थंडीमा रबर कडक तं नही व्हत ना?" रविवारी तोरणमाळला फिरायला जायचं, तर दवानं ओल्या घाटात गाडी घसरायला नको. बायको रंजिता शेजारी धुमसत होती. त्याच घाटातून ड्रायव्हर त्यांच्या पिकअपमध्ये रोज पहाटे कापूस वेचणाऱ्या बाया भरून आणतो. पिकअपचे टायर घासून गोटा झालेत, हे दिवाळीपासून ती त्याला सांगत होती. "वरीसभर चालतीन," तो म्हणायचा. आज तिनं पिकअपची किल्ली त्याच्या तळहातावर आपटली. "सकाय बायास्ले लेवाले तुम्हीच जा." उद्या पहाटे बायांना आणायला आता त्यानंच जायचं. भाग्येशनं किल्ली खिशात टाकली. मग दुकानदाराला हळूच म्हणाला, "पिकअपना बी चारी टायर बदली टाका." रंजिताचं डोकं आणखीच तापलं. म्हणजे याला इतके दिवस सगळं दिसत होतं तर!