पुसलेला अपघात

हवालदार भीमराव खिलारे सकाळी ठाण्यात आले, तेव्हा एक बाई त्यांची वाट पाहत बसल्या होत्या.

"साहेब, काल घाटातल्या अपघातात माझा सुजित तुमच्या मांडीवर गेला. शेवटी काहीतरी बोलला म्हणतात. काय बोलला हो?"

खिलारेंना काहीच आठवेना. ताण साचू नये म्हणून ड्यूटी संपताच पोलिसांच्या डोक्यातले वाईट प्रसंग यंत्राने पुसले जात. त्यामुळेच तर हल्ली त्यांना झोप लागत होती.

"पुसलेलं परत आणता येत नाही, ताई."

"निदान 'आई' म्हणाला का, एवढं तरी सांगा."

हो म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "मला खरंच आठवत नाही, ताई."

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "याच हातानं धरलं होतंत ना त्याला?"

खिलारेंना तेही ठाऊक नव्हतं.