शनिवारची तारीख

दहावीतली रुचिका तीन महिन्यांपासून कोणाशी धड बोलत नव्हती, आणि तिच्या आईच्या, अमिताच्या, जिवाला चैन नव्हतं. पांढुर्ण्याहून नागपूरला नेऊन तिनं दोन समुपदेशक करून पाहिले. दोन्हीकडे प्रश्न पोरीला विचारला, की "अहो, जेवून नाही राहिली बरोबर, रातभर जागीच असते," असं अमिताच धडाधडा सांगून मोकळी व्हायची. मग बाहेर येऊन म्हणायची, "यांच्याजवळही पोरगी बोलली नाही. योग्य माणूस भेटूनच नाही राहिला."

शेवटी तिनं जामसांवलीच्या मारुतीला नवस केला. पोरीला योग्य माणूस भेटू दे, या आठवड्यापासून अकरा शनिवार दिवस मावळेपर्यंत मौन पाळीन. आणि नागपूरच्याच तिसऱ्या समुपदेशक मॅडमनं तारीख दिली ती नेमकी शनिवारची.

"काय होतंय, बेटा?" मॅडमनं विचारलं. उत्तर अमिताच्या अगदी ओठांवर आलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मनात जप सुरू केला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मग रुचिका जी बोलायला लागली, ती पाऊण तास थांबली नाही.

परतताना गाडीनं नरखेड स्टेशन सोडलं, दिवस मावळला, तसे अमितानं हात जोडले. "पावला देव. सापडली एकदाची बरोबर मॅडम. पुढची तारीख रविवारची मागू, म्हणजे मलाही दोन गोष्टी सांगता येतील."



"शनिवारचीच घे ना, आई," रुचिका हळूच म्हणाली.